नेटा रॅफर्टीचा फुकट रविवार

ग्लासगोच्या पार्टिक भागात आमच्या इमारतीच्या जिन्यावर आठ घरं आहेत. त्यांतल्या सात घरांनी कधी ना कधी नेटा रॅफर्टी यांच्या सांगण्यावरून विजेची आणि गॅसची कंपनी बदलली. काहींनी दोनदा. तळमजल्यावरच्या जोडप्याने एकदा घटस्फोटाच्या आधी, एकत्र. आणि एकदा नंतर, वेगवेगळी. आठवं घर मर्डो मॅकास्किल यांचं. ते बदलेनात, आणि हा माणूस का बदलत नाही हे कोडं नेटाबाईंना वर्षानुवर्षं छळत होतं.

नेटाबाई साठीच्या, ठेंगण्या, आवाजाने खणखणीत. धंदा केस कापण्याचा, रंगवण्याचा, कुरळे करण्याचा. आठवड्यातले काही दिवस मोठ्या रस्त्यावरच्या सलूनमध्ये, आणि रविवारी स्वतःच्या स्वयंपाकघरात. तिथे एक जुना ड्रायर आहे, डोक्यावर घंगाळासारखा उतरणारा. त्याच्याखाली बसलेल्या बाईला उठता येत नाही आणि विषयही बदलता येत नाही. नेटाबाईंचा बहुतेक प्रचार या घंगाळाखाली झाला. ड्रायरच्या घरघरीवर मात करायची म्हणून त्या ओरडून बोलत, आणि त्यामुळे खालच्या मजल्यालाही दर कळत.

इथे वीज एकाच तारेतून येते, गॅस एकाच नळीतून. बदलतो तो फक्त बिल पाठवणारा. असे बिल पाठवणारे त्या काळात पावसाळ्यातल्या कुत्र्याच्या छत्र्यांसारखे उगवले होते आणि त्यांची नावं ऐकून हे लोक वीज विकतात की बाळांची झबली, असा प्रश्न पडे. ब्लू टीपॉट होती. अंकल सनशाइन होती. हॅपी हेजहॉग होती, म्हणजे आनंदी साळू. नेटाबाई या सगळ्यांच्या घरी नांदून आल्या होत्या. त्यांचा नियम सोपा होता: करार वर्षाचा, माया त्याहून कमी.

दर कसे ताडून बघायचे हे त्या ज्या तऱ्हेने समजावत ती आमच्या भागाला पाठ झालेली आहे. बिलात दोन आकडे असतात. एक युनिटचा दर, दुसरा स्थिर आकार. "युनिटचा दर म्हणजे नवरा," नेटाबाई सांगत. "जेवढं काम सांगाल तेवढाच त्याचा खर्च. स्थिर आकार म्हणजे सासू. तुम्ही काही करा, न करा, ती रोज आहेच. स्वस्त नवरा बघून उडी मारू नका, आधी सासू विचारा." मग गॅसचं वेगळं, विजेचं वेगळं. दोन्ही एकाच कंपनीकडून घेतलं तर सूट मिळते म्हणतात, ती खरी की नावाची, हे त्या कागदाच्या कपट्यावर मांडून दाखवत आणि नंतर तोच कपटा केसांना गुंडाळून रोलर लावत.

हा सगळा अधिकार एका गोष्टीवर उभा होता: नेटाबाईंचं स्वतःचं वीजबिल. ते अशक्य वाटावं इतकं कमी असे. घरात तो ड्रायर, कपडे वाळवायचं यंत्र, विजेची शेगडी, बाथरूममध्ये पाय गरम करायची पट्टी, आणि बिल मात्र एखाद्या संन्याशाचं. त्यांचा सल्ला ऐकून कंपनी बदललेल्या लोकांची बिलं थोडीथोडी उतरत, पण नेटाबाईंइतकी कोणाचीच नाही. लोकांनी त्याचा अर्थ असा काढला की आपली श्रद्धा कमी पडते. गॅसचं बिल मात्र नेटाबाईंनाही चारचौघांसारखंच येई. विचारलं तर म्हणत, "वीज माझं ऐकते. गॅस जरा हट्टी आहे."

बोलिंग क्लबमध्ये दर गुरुवारी चहाच्या वेळी खिडकीजवळचं टेबल त्यांच्यासाठी राखलेलं असे. त्यावर पुठ्ठ्याची पाटी: नेटाला विचारा. क्लबच्या खजिनदार फिलोमिना डोहर्टी यांनी ती पाटी स्वतः रंगवली होती. फिलोमिना ही नेटाबाईंची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणजे तिच्याइतकं तोडून बोलणारं जगात दुसरं कोणी नाही. नेटाबाईंचा नवरा लवकर गेला, मुलगी कॅनडात. ते टेबल आणि ती पाटी हेच त्यांचं गावातलं वजन होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

आता मर्डो मॅकास्किल. हॅरिस बेटावरचे, गोदीतले निवृत्त सुतार, दारातून वाकून जावं लागेल असे उंच. आमच्याकडे घरांचे क्रमांक मजला आणि दार असे लिहितात. पहिल्या मजल्यावरचं दुसरं दार म्हणजे १/२. शाळेच्या गणितात याला एक छेद दोन म्हणतात, म्हणून जिन्यावरची पोरं या साडेसहा फुटी माणसाला 'अर्धे' म्हणत. त्यांच्या वरच्या मजल्यावर नेटाबाईंचं घर. दुसरा मजला, पहिलं दार: २/१. टपाल नेहमी उलटसुलट पडे. मर्डो नेटाबाईंची पाकिटं त्यांच्या पायपुसण्यावर ठेवत, दोन बोटांत शेपटीने उंदीर धरावा तशी धरून आणलेली, कारण पाकिटावर साळूचं चित्र असे.

मर्डोंच्या गावात ते पोरवयाचे असताना वीज आली. सरकारी बोर्डाने आणली. पहिल्या दिवशी घरातला कुत्रा दिव्यावर संध्याकाळभर भुंकला आणि वडिलांनी बोर्डाला आभाराचं पत्र लिहिलं. पुढे बोर्ड विकलं गेलं, नाव बदललं, मालक बदलले. मर्डोंच्या लेखी ते बोर्डच राहिलं. त्याला सोडायचं म्हणजे त्यांच्या हिशोबी घटस्फोट, आणि तेही त्या खांब रोवणाऱ्यांना सोडून कुठल्याशा जनावराबरोबर पळून जायचं.

दर वर्षी थंडी सुरू झाली की नेटाबाई त्यांना जिन्यात गाठत. बोर्ड तुम्हाला लुबाडतंय, हे त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं.

"रॅफर्टीबाई," मर्डो म्हणत, "बोर्डाने आमच्या माळावर खांब उभे केले तेव्हा तुमच्या साळूचे आजोबा कुंपणाखाली झोपा काढत होते."

लुबाडणूक मात्र होत होती, याबद्दल वाद नव्हता. मर्डोंचं बिल राक्षसी यायचं. घरात एक दिवा, अंगात दोन स्वेटर, आणि बिल असं की जणू ते आत जहाज बांधताहेत. त्यांनी किटलीवर संशय घेतला आणि किटल्या बदलल्या. मग फ्रिजवर. मग दाराच्या घंटीवर. घंटी काढून टाकली, तरी बिल जागचं हललं नाही. पण कंपनी बदलायची नाही. आणि रविवारी तर हा माणूस घरात असून नसल्यासारखा. बेटावरच्या कडक चर्चचा माणूस; रविवारी चूल नाही, झाडू नाही, रेडिओ नाही, धुणं तर नाहीच. जेवण शनिवारी शिजवून ठेवायचं आणि रविवारी गार खायचं.

गोष्ट सुरू झाली ती साळूने नेटाबाईंना नवा स्मार्ट मीटर देऊ केला तेव्हा. मीटर सगळे जिन्याखालच्या सामायिक कपाटात आहेत, प्रत्येकाच्या वर रंगाने घराचा क्रमांक. बसवायला आलेला माणूस घाईत होता. त्याने सांगितलं, बाई, तुमची वीज थोडा वेळ जाईल. ती गेलीच नाही. नेटाबाईंनी त्याला वरून ओरडून विचारलं, तो खालून ओरडून म्हणाला की झालंसुद्धा, आणि नेटाबाईंनी पुढचे कित्येक दिवस हे जगाला सांगितलं: बघा, मीटर बदलला पण दिवा मिचकावलासुद्धा नाही, याला म्हणतात सेवा.

मीटरसोबत एक छोटी डबी मिळते. ती घरात कुठेही ठेवा. वीज कमी जळत असेल तर हिरवी, बरी जळत असेल तर पिवळी, फार झाली की तांबडी. नेटाबाईंनी ती खिडकीत ठेवली आणि रविवारी कामाला लागल्या. फिलोमिना घंगाळाखाली. ओव्हनमध्ये मांस. वाळवण यंत्रात टॉवेल. शेगडी चालू, पायपट्टी चालू. डबी हिरवी. हिरवी म्हणजे गवतासारखी, मख्ख.

नेटाबाईंनी डबी हलवली, ठोकली, किटली लावली. हिरवी. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याचं वर्णन फिलोमिना आजही करते: लॉटरी लागलेल्या माणसाला तिकीट सापडावं तसं.

"फिलोमिना, रविवार फुकट आहे!"

फिलोमिनाला घंगाळाखाली ऐकू आलं नाही, म्हणून ते पुन्हा, जास्त मोठ्याने सांगावं लागलं, आणि ते सगळ्या जिन्याने ऐकलं.

काही कंपन्या शनिवार-रविवारी वीज फुकट देतात, हे नेटाबाईंनी कुठेतरी वाचलं होतं. तेव्हा साळूने हे जाहिरात न करता, गुपचूप केलं असणार, असा निष्कर्ष निघाला. पुढच्या रविवारी पुन्हा पाहिलं. हिरवी. त्याच्या पुढच्या रविवारी दोन घंगाळं. एक शेजारणीकडून उसनं आणलं. हिरवीच. गुरुवारी क्लबच्या टेबलापुढे रांग लागली. सहा घरं साळूकडे गेली, फिलोमिनाचं धरून. कोपऱ्यावरच्या इम्तियाझने तर बायकोला सांगून ठेवलं की आता आठवडाभर घाण करा, धुवायचं फक्त रविवारी.

बदली व्हायला काही आठवडे जातात. ती झाली, घरोघर नव्या डब्या आल्या, आणि आमच्या भागाने एक रविवार असा साजरा केला की ख्रिसमसला लाजवेल. सगळी यंत्रं एकदम घुमायला लागली. फिलोमिनाने उन्हाळ्यातले पडदेसुद्धा धुतले. इम्तियाझकडे समोसे आणि चादरी एकाच वेळी. रस्त्यावरून चालताना वाफेचा, साबणाचा आणि तळणाचा वास येत होता आणि प्रत्येक घरात कुणीतरी डबीसमोर उभं होतं. डब्या तांबड्या होत्या. लोकांना वाटलं, संध्याकाळी हिरव्या होतील. संध्याकाळी त्या आणखी तांबड्या झाल्या.

सोमवारी फिलोमिना ओले पडदे खांद्यावर टाकून नेटाबाईंच्या दारात आली. ती ओरडली नाही, आणि हेच वाईट चिन्ह होतं. तिने सांगितलं की गुरुवारी सहाही घरं क्लबात येणार आहेत. "तू उभी राहा आणि फुकट रविवार कुठे आहे ते दाखव. नाहीतर ती पाटी मी रंगवली, ती मीच उतरवते. टेबल सोडतीच्या बक्षिसांना लागतंच आहे."

नेटाबाईंनी साळूला फोन लावला. बऱ्याच संगीतानंतर एक मुलगी बोलली. अशी कोणतीही योजना नाही, असं ती गोड आवाजात म्हणाली, आणि असावी असं वाटत असेल तर सूचना नोंदवू का, असं विचारलं.

मग नेटाबाई डबी मांडीवर घेऊन बसल्या. घरातलं एक-एक बंद करत गेल्या, एक-एक चालू. डबीला काही सोयरसुतक नव्हतं. घंगाळ लावलं, हिरवी. घंगाळ बंद केलं, एकदम तांबडी. आता हे उलटं कसं? त्या कान देऊन बसल्या. खालून घों घों आवाज येत होता. मर्डो मॅकास्किल गालिच्यावर व्हॅक्यूम फिरवत होते. आवाज थांबला. डबी हिरवी झाली. पुन्हा सुरू झाला. तांबडी.

नेटाबाई सांगतात की आधी त्यांना हसू आलं, मग घाम फुटला, मग त्यांनी उठून घंगाळाचा प्लग काढला, चोरीचा माल हातात सापडावा तसा.

ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते नेटाबाईंनी त्या दिवशी शब्दशः केलं. डबी लोकरीच्या कोटाच्या आत, वर हाताची घडी, आणि मर्डोंच्या दारावर टकटक. घंटी नव्हतीच. एक कप चहा मिळेल का, असं त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी चहा कधी मागितला नव्हता. मर्डोंनी स्पष्ट बजावलं की चहा मिळेल, पण कंपनीचा विषय निघाला तर कप अर्धा असतानाच परत घेतला जाईल. किटली लावली. नेटाबाईंच्या छातीपाशी कोटातून तांबडा उजेड पडला.

मर्डोंनी तो पाहिला. नजर वळवली. पुन्हा पाहिला.

"रॅफर्टीबाई, तुम्ही पेटल्या आहात."

मग डबी बाहेर काढावीच लागली. नेटाबाईंनी काय सांगितलं ते सगळं इथे देत नाही. त्यांनी ते तीनदा सांगितलं आणि मर्डोंनी तीनदा नाकारलं. अखेर सुताराला पटेल असं काहीतरी करायचं ठरलं. नेटाबाईंनी वर जाऊन वाळवण यंत्रात कपडे टाकले आणि ते चालू केलं. मर्डोंनी आपल्या घराचा मुख्य खटका खाली ओढला. घर काळोखात. मग दोघं जिन्याखालच्या कपाटाशी गेले आणि मर्डोंनी विजेरी धरली.

१/२ लिहिलेला जुना मीटर. त्यातलं चाक गरगरत होतं.

घरात दिवा नाही, किटली नाही, फ्रिजसुद्धा गप्प, आणि मर्डो मॅकास्किल यांच्या नावाचं चाक जत्रेतल्या पाळण्यासारखं फिरत होतं. दोघं बघत राहिले. काही वेळाने वर यंत्राची घरघर थांबली, शेवटचा ठोका झाला, आणि चाक सुस्तावलं, रेंगाळलं, जेमतेम हलत राहिलं.

पुष्कळ वर्षांपूर्वी जिन्याची डागडुजी झाली तेव्हा कुणा तारा जोडणाऱ्याने १/२ आणि २/१ यांची अदलाबदल केली होती. दोन आकडे आणि एक तिरपी रेघ. तेवढंच. तेव्हापासून नेटाबाईंच्या विजेचं बिल मर्डो भरत होते आणि मर्डोंच्या विजेचं नेटाबाई.

याचा पुढचा अर्थ मर्डोंच्या ध्यानात सावकाश आला. ते बोर्डाशी एकनिष्ठ होते हे खरं. पण ती निष्ठा वरच्या मजल्यावरचं घंगाळ चालवत होती. त्यांच्या स्वतःच्या किटलीला वीज पुरवत होती ती नेटाबाईंची त्या त्या वर्षीची कंपनी.

"सगळ्याच?" मर्डोंनी विचारलं.

"सगळ्याच."

"ती निळ्या चहादाणीवाली?"

"तिच्यावर तुम्ही दोन हिवाळे काढलेत."

"आणि ती बुडाली ती? ते सनशाइन काका?"

"काकासुद्धा," नेटाबाई म्हणाल्या. "त्या वर्षी तुम्हीच म्हणाला होतात, लापशी चांगली होतेय म्हणून."

मर्डो मॅकास्किल पायरीवर बसले. हा माणूस हसताना आमच्या जिन्याने पाहिला नव्हता, त्यामुळे सुरुवातीला कुणाला वाटलं की त्यांना काही होतंय. तळमजल्यावरचं दार उघडलं, मग समोरचं. विजेरी हातातच होती आणि ती हसण्याबरोबर हलत होती, त्यामुळे कपाटावरचे सगळे क्रमांक नाचत होते. नेटाबाई आधी उभ्या होत्या, मग त्याही बसल्या. पार्टिकमधल्या अर्ध्या बायकांचे कुरळे केस आपल्या पेन्शनवर वळले आहेत, हे मर्डोंना मध्येच सुचलं आणि ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मीटर बसवला त्या दिवशी आपली लापशी कच्ची का राहिली आणि आपण बोर्डाला फोन करून उगाच का झापलं, हेही त्यांना तिथेच कळलं.

पैशाचं दोन्ही कंपन्यांनी नियमात बसेल तितकं मागे जाऊन जुळवून दिलं. उरलेलं नेटाबाई द्यायला निघाल्या तेव्हा मर्डोंनी ते घेतलं नाही. आपले कपडे त्यांच्या यंत्रात वाळवून द्यावेत, एवढीच अट घातली. यंत्र विजेपुरतं तरी आपलंच आहे, असं त्यांचं म्हणणं. रविवार सोडून.

पण हे नंतरचं. आधी गुरुवार होता.

क्लबात सहाही घरं आली होती, डब्या घेऊन. फिलोमिना पाटीच्या शेजारी उभी. नेटाबाईंनी त्या दिवशी केस रंगवले नव्हते. मुळाशी पांढरे दिसत होते. त्यांनी सगळं सांगितलं, एका दमात, स्वतःला काही न सोडता. फुकट रविवार नावाची वस्तू नाही. "मी बघत होते तो रविवार मॅकास्किलांचा होता," त्या म्हणाल्या. "तो फुकट नव्हता. तो पाळलेला होता."

कुणी हसलं नाही. फिलोमिना हिशोब करत होती. खजिनदाराला ती सवय असते.

"म्हणजे अगं नेटा, इतकी वर्षं तू हुशार नव्हतीस," ती म्हणाली. "मॅकास्किल चिक्कू होते."

मग मात्र सगळे हसले. इम्तियाझ खुर्चीवरून खाली यायचा राहिला. नेटाबाईंना हसता आलं नाही. त्यांनी खाली बघून पिशवी उचलली. फिलोमिनाचा हात पाटीच्या खिळ्याकडे गेला होता. तिला आता ती उतरवायची होती असं नाही, पण बोलून चुकली होती.

तेवढ्यात दारातून वाकून मर्डो मॅकास्किल आत आले. ते क्लबात पूर्वी कधी आले नव्हते, कारण इथे गुरुवारी सोडत असते आणि सोडत म्हणजे जुगार. त्यांच्या अंगावर चर्चचा काळा कोट होता. ते रांगेत उभे राहिले. रांग नव्हतीच, तरी टेबलापासून थोडं अंतर ठेवून उभे राहिले.

त्यांची अडचण खरी होती. कपाट उघडलं त्याच दिवशी दोघांनी दोन्ही कंपन्यांना कळवलं होतं, मीटर आणि घरं यांचे पत्ते नोंदीत दुरुस्त झाले होते, आणि करार मीटरला चिकटलेला असतो, माणसाला नाही. मर्डोंच्या घराला ज्या मीटरमधून वीज येत होती तो साळूकडे होता. म्हणजे आता कायद्याने, नावानिशी, मर्डो मॅकास्किल हे हॅपी हेजहॉगचे ग्राहक झाले होते. सकाळी पत्र आलं होतं. वरती साळूचं चित्र आणि तिच्या हातात फुगा. बोर्डाला फोन केला तर बोर्डाची मुलगी म्हणाली की या पत्त्यावर आमचा कुणी ग्राहक नाही. यायचं असेल तर कंपनी बदलायचा अर्ज करा.

"रॅफर्टीबाई," मर्डो म्हणाले, "मला कंपनी बदलायची आहे. कशी बदलतात?"

फिलोमिनाने हात खिळ्यावरून काढून घेतला आणि खुर्ची पुढे सरकवली.

नेटाबाई बसल्या. चष्मा चढवला, टॅबलेट उघडलं. सवयीने आधी सासू विचारली, मग नवरा. गॅस वेगळा, वीज वेगळी. दरांच्या यादीत बोर्ड अगदी तळाशी होतं, सगळ्यांत महाग. हे त्यांनी मर्डोंना दाखवलं. साळूकडेच राहिलात तर बोर्डापेक्षा स्वस्त पडेल, हेही धर्म म्हणून सांगितलं. मर्डोंनी यादी वाचली, मान डोलावली आणि बोर्डावर बोट ठेवलं. नेटाबाईंनी ओठ आवळले. मग त्यांना एक गोष्ट दिसली: बोर्डाचाच, यादीत बराच वर, वर्षभर बांधलेला एक दर होता, खूपच उतरलेला. फक्त नव्याने येणाऱ्यांसाठी.

"मॅकास्किल, हा तुम्हाला इतकी वर्षं कोणी सांगितला नाही?"

"मी नवा कधी नव्हतो," मर्डो म्हणाले.

आता होते. नेटाबाईंनी झरझर रकाने भरले. पत्ता लिहिताना त्या थांबल्या, १/२ असा आकडा मोठ्याने म्हणाल्या, मर्डोंकडून पुन्हा वदवून घेतला आणि फिलोमिनाला साक्षीला ठेवलं. मागे आता खरोखरच रांग लागली होती. सहा घरांना साळूकडून बाहेर पडायचं होतं.

शेवटच्या रकान्यात कंपनी बदलण्याचं कारण विचारलेलं असतं. किंमत, सेवा, घर बदलणे वगैरे. नेटाबाईंनी पर्याय वाचून दाखवले. मर्डोंनी सगळे नीट ऐकून घेतले.

"निष्ठा," ते म्हणाले.

यादीत ते नव्हतं. नेटाबाईंनी 'इतर'वर टिचकी मारली आणि पुढच्याला बसायला सांगितलं.